फोटो खेळाडूचा, पाठ सिगरेटची

प्रश्न: भाऊ अमेरिकेत असतो, सुट्टीला आला तेव्हा तिथल्या जुन्या बाजारातनं बेसबॉलचं एक छोटं कार्ड घेऊन आला. पुढं खेळाडूचं रंगीत चित्र नि मागं चक्क सिगरेटची जाहिरात! पोरांच्या खेळण्यावर सिगरेट कशी काय? आणि ही कार्डं लाखात जातात म्हणे, खरं का?
- एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: अहो, हे पोरांचं खेळणं नव्हतंच. तेव्हा पाकीट पातळ कागदाचं असायचं, खिशात दबलं की सिगरेटी मोडायच्या म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे, मग तो कोरा कशाला, चित्र छापू, म्हणजे गिऱ्हाईक पुढच्या चित्रासाठी परत आपलंच पाकीट घेतंय. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीनं १८८७ च्या सुमारास 'ओल्ड जज' सिगरेटीत खेळाडूंचे फोटो घातले, सगळे स्टुडिओतले, कॅच घेतोय असं दाखवायला चेंडू दोऱ्यानं टांगलेला! आपल्या तालमीत गदा घेतलेल्या पैलवानांचे जुने फोटो असतात ना, मागं पडद्यावर रंगवलेली बाग, तेच आठवलं मला.

१८९० ला पाच मोठ्या कंपन्या मिळून अमेरिकन टोबॅको कंपनी झाली, स्पर्धाच उरली नाही तर चित्रं फुकट कोण वाटतंय, हळूहळू बंद पडली. परत जोरात आली ती १९०९ ते १९११ मध्ये. तुमचं बहुतेक त्यातलंच, संग्राहक त्याला टी-२०६ म्हणतात, पाचशेच्या वर चित्रं आणि मागं पीडमॉंट, स्वीट कॅपोरल असे सोळा ब्रँड. पोरं मोठ्यांकडं ही चित्रं मागायची, आम्ही काडेपेटीच्या छापा गोळा केल्या तसंच. खेळाडू तोच पण मागचा ब्रँड दुर्मिळ असला तर भाव कुठल्या कुठं जातो, म्हणून आधी पाठ बघा!

लाखाचं म्हणाल तर याच टी-२०६ मधलं, होनस वॅग्नर या तेव्हाच्या नामी बेसबॉलपटूचं कार्ड २०२२ ला साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. त्याची छपाई लवकर थांबली म्हणून मोजकीच उरलीत. पोरांनी तंबाखू घेऊ नये म्हणून त्यानं आपलं चित्र छापायला नकार दिला असं सांगतात, पण गडी स्वतः तंबाखू चघळायचा, त्यामुळं पैशावरनं बिनसलं असंही म्हणतात आणि मला तेच जास्त पटतं.

तुमच्या कार्डावर हुरळू नका, रीप्रिंट ढिगानं आहेत. भिंगातनं खालचं नाव बघा, अस्सल कार्डावर ते तपकिरी शाईत सलग असतं, अक्षरंच ठिपक्यांची दिसली तर नकली समजा. आणि काहीही असू दे, लॅमिनेशनला तेवढं देऊ नका.