नावातल्या ‘इंटरनॅशनल’वर जाऊ नका

रिसर्च पेपर पाठवण्याआधी जर्नलच्या नावातलं ‘इंटरनॅशनल’ विसरा, ते कुणालाही लावता येतं. आयएसएसएनवरही विसंबू नका. तो आठ अंकी ओळख क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे.

खरी गोम संपादक मंडळात असते. यादीतले तीन-चार परदेशी संपादक निवडा आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का बघा. कित्येकदा त्या बिचाऱ्यांना आपलं नाव वापरलंय याचा पत्ताच नसतो. मग गेल्या दोन वर्षांचे अंक उघडा. सगळे लेखक दोन-तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे असतील, तर जर्नल स्थानिकच. उलट बेंगळुरूहून १९३२ पासून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’च्या नावात ‘इंटरनॅशनल’ नाही, पण ते जगभर वाचलं जातं.

स्कोपस या संशोधन-जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत असल्याचा दावा असेल तर जर्नलच्या साइटवरचा लोगो पुरावा धरू नका. स्कोपसच्या सोर्स लिस्टमध्ये आयएसएसएन टाका आणि कव्हरेज, म्हणजे सूचीतली जर्नलची नोंद, कोणत्या सालापर्यंत आहे ते वाचा. जर्नल यादीतून काढलं तरी लोगो तसाच झळकत राहतो. युजीसी-केअर ही विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलांची यादी तर फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद झाली, त्यामुळे ‘केअर लिस्टेड’ म्हणून फी मागणाऱ्याला आधी विचारा, बंद झालेल्या यादीत तुम्ही कसे. आपल्या विद्यापीठाला आता काय चालतं, ते पीएचडी विभागाकडून लेखी घ्या.