विरहाच्या कवितेत ओहोटी कशी वापरावी?

तुम्ही ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीत राहता, प्रेमभंगावर कविता लिहिता आणि वाचणारे म्हणतात की प्रतिमा घासून गुळगुळीत झाल्यात. नमुन्यादाखल दिलेल्या ओळी अशा: ‘तू गेलास, खाडीला ओहोटी लागली / आठवणींच्या पुरात मी वाहून गेले / असंच रिकामं झालंय माझं मन.’

यातली ओहोटी चांगली आहे, ती टाकू नका. फक्त ती नीट पाहा.

उपमेचे चार भाग शाळेत शिकवतात: उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी करायची ते), साधर्म्यवाचक शब्द (सारखा, जसा) आणि साधारण धर्म (दोघांत सारखा असलेला गुण). परीक्षेत पहिले तीन ओळखले की मार्क मिळतात, पण कवितेचा सगळा भार चौथ्यावर असतो. तुमच्या ओळीत उपमेय म्हणजे त्याचं जाणं, उपमान ओहोटी, साधारण धर्म निघून जाणं. पण ओहोटीचं पाणी साधारण सहा तासांत परत फिरतं, आणि तेही दिवसातून दोनदा. म्हणजे तुमची ओळ नकळत सांगते की तो संध्याकाळपर्यंत येईल! रुसवे-फुगवे चालू असलेल्या नात्याला ही प्रतिमा चपखल बसेल, कायमच्या ताटातुटीला नाही.

शिवाय ओहोटीत खाडी रिकामी होते हेही खरं नाही. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत फ्लेमिंगो उघड्या पडलेल्या चिखलावर चरायला उतरतात, ते पाणी ओसरल्यावरच. एकाचं पाणी आटलं की तिथेच दुसऱ्या कुणाची पंगत बसते. विरहाला यापेक्षा बोचरं काय हवं?

कायमचं जाणं दाखवायचं असेल तर ठाण्याकडे बघा. तळ्यांचं शहर म्हणतात, पण त्यातली काही तळी कधीच बुजली. मग असं लिहिता येतं:

तळं बुजवलं, वर पेव्हर ब्लॉक बसवले.
पहिल्या पावसात पाणी बरोब्बर तिथेच साचलं.

इथे मन, काळीज, अश्रू यातलं काहीच नाही. उपमेय पूर्ण झाकलंय, तरी कळतं, कारण बुजवलेली जागा आणि बुजवलेलं दुःख सारखंच वागतं.

आता ‘आठवणींचा पूर’. दुःखाचा डोंगर, विरहाचा वणवा, आठवणींचा पूर: भाववाचक नाम, त्याला चा-ची-चे आणि पुढे काहीतरी भलंमोठं. हा साचा हाताशी असतो म्हणून सगळेच उचलतात. तपासायची रीत सोपी आहे. पहिला शब्द झाका आणि उरलेल्या शब्दातून काही दिसतं का ते बघा. पूर म्हटला तर कुठपर्यंत आला, काय वाहून गेलं, भिंतीवर खूण किती उंचावर राहिली? यातलं एकही सांगता येत नसेल तर ओळ खोडा. आठ-दहा ओळींच्या कवितेला एक मुख्य प्रतिमा पुरते. तुमच्या तीन ओळींत एकीकडे पाणी ओसरतंय आणि दुसरीकडे पूर येतोय, दोन्ही एकमेकांना मारतात. गझलेत प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, तिथे शेरागणिक प्रतिमा बदलली तरी चालते.

विरहासाठी फार जुनी आणि अजूनही सर्वांत धारदार युक्ती म्हणजे वस्तू तीच ठेवून तिचा गुण उलटवणं. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीला चंदनाची चोळी पोळते, फुलांची शीतळ शेज आगीसारखी लागते. जे थंड करायचं तेच जाळतं, आणि वेदना किती आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. हीच युक्ती तुमच्या मुलखात आणा. मिलनाच्या कडव्यात ठाण्याच्या तलावपाळीचा गार वारा दोघांना जवळ सरकवत असेल, तर विरहाच्या कडव्यात तोच वारा बाकावर शेजारी ठेवलेल्या पिशवीचे बंद हलवत राहू दे.

उपमा, रूपक की उत्प्रेक्षा, हे अंतरावरून ठरवा. ‘सारखा’ म्हटलं की दोन गोष्टी वेगळ्या राहतात, म्हणून ओढ नवी असते तेव्हा उपमा शोभते. रूपकात भेदच उरत नाही. ‘जणू’ म्हणणारी उत्प्रेक्षा मात्र विरहात फार उपयोगी, कारण नसलेलं माणूस दिसू लागतं ते त्याच शब्दातून: दार वाजलं, जणू तोच.

तुमची शेवटची ओळ, ‘असंच रिकामं झालंय माझं मन’, काढून टाका. ती आधीच्या प्रतिमेचं स्पष्टीकरण देत बसते. पुराची ओळही काढा. ओसरलेलं पाणी, चिखल आणि त्यात चोची खुपसून चरणारे फ्लेमिंगो, एवढंच ठेवून परत लिहा.