निरोगी माणसाला एचआयव्हीच्या अँटीबॉडी टोचल्या तर एचआयव्ही होतो का?

तुमचा भाचा अमेरिकेत शिकायला आहे, तिथे तो निरोगी लोकांवरच्या एचआयव्ही अँटीबॉडीच्या ट्रायलला नाव देतोय आणि इकडे ताईंनी रडून घर डोक्यावर घेतलंय की पोराला एड्स टोचणार. आधी ताईंना शांत करा, असं काही होत नाही.

मी पिंपरीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, तिथे हा घोळ रोजचाच. अँटीबॉडी म्हणजे व्हायरसशी लढायला शरीर बनवतं ते प्रोटीन. टेस्टमध्ये ती सापडली की व्हायरस अंगात शिरलाय हे कळतं, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. ट्रायलमधली अँटीबॉडी कारखान्यात बनते, हॅमस्टरच्या पेशी टाकीत वाढवून, त्यात व्हायरस नसतोच. कुत्रा चावला की जखमेत जे रेबीशील्ड देतात ना, आपल्या हडपसरच्या सिरमचं, ते पण मोनोक्लोनल, म्हणजे अशीच कारखान्यात बनवलेली एकाच प्रकारची अँटीबॉडी आहे, त्याने कोणाला रेबीज झालाय का?

निरोगीच का, तर लागण थांबते का हे लागण न झालेल्या माणसातच कळणार. पहिल्या टप्प्यात तर एवढंच बघतात की अंगाला मानवतं का आणि रक्तात किती दिवस टिकतं, त्यामुळे सारखं रक्त काढतात, खरी कटकट ती. आपल्या भोसरीच्या नारीत, म्हणजे एड्सवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेत पण 2005 ला एड्सच्या लसीची ट्रायल झाली होती, 30 निरोगी लोकांवर.

आता उपयोग होतो का, तर अर्धवट. 2016 ला एएमपी नावाच्या दोन मोठ्या ट्रायल सुरू झाल्या, 4,600 च्या वर माणसं, व्हीआरसी01 नावाची अँटीबॉडी दर 8 आठवड्यांनी सलाईनमधून, असं 10 वेळा. 2021 ला रिझल्ट आला, एकूणात लागण काही थांबली नाही. पण ज्या व्हायरसवर ही अँटीबॉडी नीट चालते त्यांच्यापासून साधारण 75 टक्के बचाव दिसला, भानगड एवढीच की तसले व्हायरस होते 30 टक्क्यांच्या आसपास, बाकीचे निसटले. मला विचाराल तर फेल ट्रायलमधली ही सगळ्यात कामाची, कारण त्यावरूनच दोन-तीन अँटीबॉडी एकत्र द्यायच्या हे पक्कं झालं.

भाच्याला मात्र कान धरून सांगा, प्लासिबो असेल तर त्याला औषध मिळालं का नुसतं सलाईन हे त्यालाही कळणार नाही, आणि औषध मिळालं तरी भरवसा नाही, तेव्हा कंडोम सोडायचा नाही. आणि सही करायच्या आधी फॉर्म घरी नेऊन सगळा वाच म्हणावं, नंतर नको वाटलं तर मधेच सोडताही येतं.