मेक्सिको सिटीजवळ डोंगरातलं गाव, प्राचीन अवशेष आणि शाकाहारी खाणं: तेपोस्तलानला एका दिवसात जाऊन यावं का?

जरूर जा. फक्त तेओतिवाकानसारखे प्रचंड पिरॅमिड डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. तेपोस्तलानचा पिरॅमिड जेमतेम 10 मीटर उंच आहे. खरी मजा त्याच्या जागेत आहे, कारण तो गावाच्या डोक्यावर, उभ्या कड्याच्या टोकाला बांधलाय.

गाव राजधानीच्या दक्षिणेला साधारण 80 किमीवर, मोरेलोस राज्यात आहे. तास्केन्या मेट्रोजवळच्या दक्षिण बस स्थानकातून थेट बस मिळते. गावातला मुख्य रस्ता संपतो तिथून चढण सुरू होते. अंतर दोनेक किमी, पण सगळ्या दगडी पायऱ्या, काही ठिकाणी गुडघ्याएवढ्या उंच. सह्याद्रीत फिरायची सवय असेल तर तासाभरात वर पोचाल. पण गाव मुळातच 1,700 मीटरवर आहे, त्यामुळे दम थोडा लवकर लागतो. जून ते सप्टेंबर पावसाचा, तेव्हा दगड निसरडे होतात. दरडी किंवा वणव्यामुळे वाट बंदही ठेवतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. वर लांब शेपटीचे कोआती फिरत असतात आणि पिशवीतलं खाणं बिनदिक्कत पळवतात.

कड्यावरचा हा पिरॅमिड म्हणजे तेपोस्तेकातल या पुल्के-देवाचं देऊळ. पुल्के म्हणजे मागेय या घायपाताच्या जातीतल्या झाडाचा गोड रस आंबवून केलेली दारू, आपल्या ताडीची चुलत बहीणच. अस्तेकांच्या कल्पनेत पुल्केचे देव म्हणजे चारशे ससे, आणि हा त्यातला एक. दारूच्या देवाला भेटायला एवढा घाम गाळावा लागतो, हे मला फार आवडलं.

उतरल्यावर थेट बाजारात शिरा. बुधवारी आणि रविवारी तो सगळ्यात मोठा भरतो. रविवारी अर्धी राजधानी तिथे लोटते, त्यामुळे जमलं तर बुधवारच गाठा. इथली खासियत इताकाते: चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा त्रिकोणी जाड तुकडा, कोमालवर म्हणजे तव्यावर भाजलेला, वर चीज. पण पिठात बहुधा डुकराची चरबी मळलेली असते, आणि शिजवलेल्या घेवड्यातही ती असू शकते. म्हणून 'सिन मांतेका?' म्हणजे 'चरबीशिवाय?' हे आधी विचारा. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी, त्या मानाने सोपी. उइतलाकोचे, म्हणजे कणसावर येणारी काळी बुरशी, दिसायला भयंकर पण चवीला मशरूमच्या जवळची, जरूर खा. टांगलेल्या पातळ, खारवलेल्या मांसाच्या चादरी दिसतील, ती सेसिना, गोमांसाची.

बाजाराला लागूनच 16व्या शतकातला डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाचा मठ आहे. 1994 पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. 2017 च्या भूकंपात त्याचं बरंच नुकसान झालं होतं. आवाराच्या कमानीवर दर सप्टेंबरला गावकरी निरनिराळ्या बियांचं प्रचंड चित्र लावतात, ते बघाच. गाव तसं हट्टी आहे. 1995 मध्ये इथे गोल्फ मैदान होऊ घातलं होतं. लोकांनी नगरपालिकेच्या कारभाऱ्यांनाच हाकललं आणि प्रकल्प बारगळला.

तुमच्याकडे अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. तरी तिकीट काढण्याआधी ताजा नियम बघा. आणि रविवारीच जाणार असाल तर परतीचं बस तिकीट पोचल्या पोचल्या काढून ठेवा. संध्याकाळी खिडकीवर रांग असते आणि राजधानीकडचा रस्ता तुंबतो.