गोळ्या सुरू झाल्या आणि मुलगा जास्तच बिथरला

"मॅडम, गोळ्या सुरू केल्यापासून हा जास्तच बिथरलाय. बंद करू का?" भांडुपहून आलेल्या आईने बसण्याआधीच विचारलं. हा प्रश्न मला कितीतरी पालक विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा १६ वर्षांचा. नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांनी फ्लुओक्सेटीन देऊन ९ दिवस झाले होते. रोज एक. आता झोप उडाली होती, रात्रभर घरात येरझाऱ्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सवय लागते, फेकून दे."

ताईंनी स्ट्रिप टेबलावर ठेवल्या. मी मोजलं, १३ गोळ्या संपल्या होत्या.

"लवकर बरं वाटेल म्हणून कधी कधी दोन घेतल्या," तो खाली बघत म्हणाला. गोळ्या त्याच्याच दप्तरात असायच्या.

त्याला मी सरळच विचारलं, मरावंसं वाटतं का? विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट मूल बोलतं होतं. तो रडला. दोन रात्री वाटलं होतं.

मी समुपदेशक आहे. गोळी वाढवणं-थांबवणं माझ्या हातात नाही, ताईंच्याही नाही. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी त्याच संध्याकाळी बोलावलं. तोवर त्याला एकटं सोडू नका, असं मी ताईंना बजावलं.

गोळ्यांमुळे मूल बिथरेल, ही भीती निराधार नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये लहान आणि किशोरवयीन मुलांवर झालेल्या, नैराश्यावरच्या औषधांच्या २४ चाचण्या तपासल्या. आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन औषध घेणाऱ्यांत ४ टक्के, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २ टक्के आढळलं. आत्महत्या मात्र एकाचीही झाली नव्हती. धोका जास्त असतो तो पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलताना, आणि गुण यायलाही काही आठवडे जातात. म्हणजे नजर ठेवायची ती नेमकी याच दिवसांत. मनाने औषध बंद केलं तर चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते आणि नैराश्य उलटतं ते वेगळंच.

डॉक्टरांनी डोस नीट बसवून दिला आणि दर आठवड्याला बोलावलं. रात्री-अपरात्री गरज पडली तर म्हणून ताईंनी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्रिजवर चिकटवला. गोळ्या आता त्यांच्या कपाटात, कुलपात. कॅलेंडरवर त्या रोजची झोप लिहितात. पाचव्या आठवड्यातल्या एका चौकटीत लिहिलं होतं : "७ तास. सकाळी पोहे मागितले."