जाळी भिंतीपुढे उभी करा, भिंतीच्या जागी नको

घर-अंगण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नागपुरात मानेवाड्याला आमचं घर बांधून होत आलंय. हॉल पश्चिमेला आहे. खिडकीशेजारची सहा फूट भिंत गाळून तिथे फुलाच्या नक्षीची सिमेंटची जाळी बसवावी असं माझ्या मनात आहे. आमचे हे म्हणतात, उन्हाळ्यात लू थेट सोफ्यावर येईल. मिस्त्री म्हणतो, बिनधास्त लावा, हवा खेळती राहील. कुणाचं ऐकू?
– एक गृहिणी, मानेवाडा

उत्तर : या वेळी यजमानांचं ऐका, पण जाळी मात्र सोडू नका.

मिस्त्री म्हणतो ते कोकणात बरोबर ठरलं असतं. तिथे हवा दमट, अंगावरचा घाम वाळायला वारा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि दुपारी बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा कितीतरी तापलेली असते. ती आत घेऊन घर थंड कसं होणार? म्हणून तर नागपुरात सकाळी नऊ-दहालाच दारं-खिडक्या लावून घेतात आणि रात्री उघडतात. खिडकी लावता येते, जाळी लावता येत नाही. धूळ येते ती वेगळीच.

तेव्हा भिंत आहे तिथेच राहू द्या आणि तिच्यापासून दोन-अडीच फूट बाहेर जाळी उभी करा. पश्चिमेची भिंत दुपारी बारापासून मावळतीपर्यंत ऊन खाते आणि तीच उष्णता रात्री आत सोडते. रात्री दहाला त्या भिंतीला हात लावून पाहा, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. जाळीची सावली पडली की भिंत मुळातच कमी तापते. मधली फट वरून उघडी ठेवा, म्हणजे तिथली गरम हवा वर निघून जाईल. दिल्लीत चाणक्यपुरीला अमेरिकी दूतावासाची इमारत आहे, एडवर्ड ड्युरेल स्टोन या वास्तुविशारदाची, 1959 सालची. तिथेही हेच केलंय : आत काचेची भिंत, तिच्यापुढे जाळीचा पडदा. दिल्लीचा उन्हाळा आपल्या उन्हाळ्याचा सख्खा भाऊच. मात्र अशी जाळी तुमच्या प्लॉटच्या हद्दीलगत नियमाने मोकळ्या सोडलेल्या जागेत येणार असेल, तर मंजूर नकाशा आधी तपासून घ्या.

आता नक्षीबद्दल. दुकानात सगळे आधी फूल बघतात. तुम्ही आधी जाडी बघा. नागपुरात मे महिन्याच्या अखेरीस सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो आणि साडेतीनच्या सुमारास 45 अंशांवर उतरतो. भोक चार इंच उंच आणि जाळी चार इंच जाड असेल, तर सूर्य 45 अंशांच्या वर असेपर्यंत ऊन सरळ आरपार जात नाही. तेच भोक सहा इंची आणि जाडी दोन इंची असेल, तर सूर्य 70 अंशांच्या खाली आला, म्हणजे दीड वाजून गेला, की ऊन आत यायला लागतं. मग त्या जाळीचा उपयोग फक्त फोटोपुरता. पश्चिमेसाठी जाड ब्लॉक आणि लहान भोक, एवढं धरून ठेवा. साडेतीननंतरच्या तिरप्या उन्हासाठी जाळीवर एखादा हलका वेल सोडा.

भिंतीच्या जागी जाळी चालेल अशी एक जागा तुमच्या घरात निघू शकते. कूलर ज्या बाजूला बसवाल, तिच्या समोरच्या बाजूला, छताजवळ. कूलरची ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोली गार न होता चिकट होते. तिथे दीड-दोन फूट उंचीची जाळीची पट्टी द्या, आतून डासांची जाळी आणि सरकतं झडप बसवा. कूलर बंद, झडप बंद.

प्रश्न : बेसा भागात आमचा प्लॉट आहे, पूर्वी तिथे कापसाचं शेत होतं. गेल्या उन्हाळ्यात ठेकेदाराकडून 40 फूट कंपाउंड बांधून घेतलं, खाली वीट आणि वर तीन फूट जाळी. पावसाळा सरता सरता जाळीच्या सांध्यांत उभे तडे गेले आणि एका ठिकाणी भिंत रस्त्याकडे कलली आहे. जाळीचा माल खराब निघाला का?
– एक निवृत्त शिक्षक, बेसा

उत्तर : सर, आधी एक काम आजच करा. कललेल्या भागाजवळ कुणाला बसू देऊ नका, मुलांना खेळू देऊ नका, आणि तेवढी जाळी वरच्या थरापासून उतरवून घ्या. ती पडली तर खालच्या माणसाला मोठी इजा होईल.

मालाचा दोष मला तरी वाटत नाही. कापसाचं शेत म्हणजे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया घालून बसवलेली भिंत दरवर्षी वर-खाली होत राहते. विटांच्या भिंतीत सांधे एकाआड एक येतात, त्यामुळे ती थोडंफार सोसते. जाळीच्या ब्लॉकवर ब्लॉक सरळ रचलेला असतो, खालपासून वरपर्यंत सांधा एका रेषेत येतो. जमीन जराशी हलली की तडा त्याच रेषेतून वर चढतो. तुम्ही पाहिलेत ते तडे असेच आले असणार.

पुन्हा बांधाल तेव्हा काळी माती उकरून मुरमापर्यंत जा. मुरूम फारच खोल असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. दर आठ-दहा फुटांवर आरसीसी कॉलम द्या, खाली प्लिंथ बीम (पायावरची आडवी तुळई) आणि जाळीच्या माथ्यावर पातळ आरसीसी पट्टी. प्रत्येक दुसऱ्या थराच्या आडव्या सांध्यात 6 मिलिमीटरची सळई टाका आणि तिची टोकं कॉलममध्ये गुंतवा. नेमकी हीच सळई वाचवली जाते, कारण प्लास्टर झाल्यावर ती कुणाला दिसत नाही. भाऊ-भाची कुणी साइटवर असेल, तर सळई टाकताना तिथे उभं राहायला सांगा. मसाला एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. आणि उन्हाळ्यात काम असेल तर ओलं तरट टाकून किमान सात दिवस ओलावा टिकवा. आपल्या उन्हात सकाळी मारलेलं पाणी दहापर्यंत उडून जातं आणि सांधा कच्चाच राहतो.

उंचीचंही सांगते. राष्ट्रीय इमारत संहितेत रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर उंचीचं कुंपण धरलंय, आणि वरचा 0.9 मीटर भाग जाळीसारखा उघडा असेल तर 2.4 मीटरपर्यंत परवानगी देता येते. तुमच्या भागात काय लागू आहे ते बांधकाम परवानगी देणाऱ्या कार्यालयात विचारून मगच मोजमाप ठरवा.

प्रश्न : अपार्टमेंटच्या जिन्यातल्या जाळीत कबुतरं बसतात. जाळी बुजवून टाकावी का?
– सोसायटीचे सचिव, प्रतापनगर

उत्तर : अजिबात बुजवू नका. जिन्यात उजेड आणि हवा तिथूनच येते, आणि आग लागली तर धूर बाहेर पडायची तीच वाट. बाहेरच्या बाजूने बारीक वेल्ड मेश (तारेची जाळी) ताणून बसवा. त्याआधी विष्ठा पाणी मारून ओली करा आणि तोंडाला मास्क लावूनच काढा, कोरडी झाडू नका.

प्रश्न : धरमपेठेतलं आमचं 1968 चं घर पाडून तिथे इमारत होणार आहे. जिन्याला आणि व्हरांड्याला सिमेंटची सुंदर जाळी आहे. बिल्डर म्हणतो, मलब्यात जाईल. ती काढून नव्या घराच्या बागेत वापरता येईल का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : येईल, आणि तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला. धरमपेठ, रामदासपेठ, बजाजनगर या भागांत अशी घरं झपाट्याने जाताहेत. त्यांची जाळी कुठल्या तरी मिस्त्रीने साच्यात एकेक ओतलेली असते, आणि तो साचा आज बहुतेक कुठेच सापडत नाही. माझ्या लहानपणी आमच्या व्हरांड्यात दुपारी या जाळीची सावली जमिनीवर सरकत जायची आणि आम्ही भावंडं तिच्यावर ठिक्कर खेळायचो. म्हणून सांगते, एकही चांगला ब्लॉक मलब्यात जाऊ देऊ नका.

काढताना घण नको. वरच्या थरापासून, बारीक छिन्नीने सांधा मोकळा करत एकेक काढायचा. मग प्रत्येक ब्लॉक हातात घेऊन हातोडीच्या दांड्याने हलकेच वाजवा. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत तडा आहे. कडेने तांबूस डाग आणि त्याच रेषेत भेग दिसली, तर आतली तार गंजून फुगली आहे. असे ब्लॉक उभ्या भिंतीत घेऊ नका. ते जमिनीत आडवे बसवा, भोकांत माती भरा आणि दुर्वा किंवा पुदिना लावा.

चांगल्या ब्लॉकची बागेत तीन फुटांपर्यंतची आडोशाची भिंत करा, खाली पाया आणि दोन्ही टोकांना खांब देऊन. तिच्यावर बसायला फळी टाकू नका, जाळी वजन घेण्यासाठी केलेली नसते. वेल हलका हवा : गोकर्ण चालेल, कृष्णकमळ चालेल. बोगनवेल नको, तिचं खोड भोकात जाड होत जातं आणि ब्लॉक फोडतं. जुना ऑइलपेंट असेल तर तारेच्या ब्रशने काढून चुन्याची सफेदी द्या, उन्हात ती कमी तापते.

आणि बिल्डरशी करार करताना जाळी तुमची आहे हे कागदावर लिहून घ्या, पाडकामाच्या आधी किती दिवस मोकळे मिळणार तेही. नवी जागा तयार होईपर्यंत ब्लॉक आडवे एकावर एक रचू नका, खालचे तडकतात. भिंतीला टेकवून उभे ठेवा, मधे जुनी पोती घाला.