मैदान सगळ्यांनाच खुलं असेल, तर सरकारी निधी देताना मुलींचा वेगळा विचार कशाला?

तुमचं म्हणणं असं, की सरकारने फुटबॉलचं मैदान बांधलं, दिवे लावले, कुंपण घातलं, आणि दारावर कुठेही 'फक्त मुलांसाठी' अशी पाटी लावली नाही. मग निधी देताना मुलींचा वेगळा हिशोब का मांडायचा? प्रश्न रास्त आहे. मी मुलींना फुटबॉल शिकवते, तेव्हा मैदानावरून जे दिसतं तेच सांगते.

नवीन मैदान पाहायला गेले की मी आधी वेळापत्रक मागते. खरी वाटणी त्या कागदावर झालेली असते. मैदानाला आठवड्याचे तास मोजकेच असतात. खरं गवत फार तुडवलं तर गोलपोस्टपुढची माती उघडी पडते, म्हणून त्याला विश्रांती द्यावीच लागते. त्यातही सगळ्यांना हवे असतात ते शाळा आणि कामं सुटल्यानंतरचे संध्याकाळचे दोन-तीन तास. ते कुणाला मिळतात? बहुतेक वेळा, गेल्या वर्षी ज्याच्याकडे होते त्यालाच. मुलांचे संघ आधीपासून असतात, त्यांचं बुकिंग वर्षानुवर्षं तसंच पुढे चालू राहतं. मुलींचा संघ नंतर उभा राहतो आणि त्याच्या वाट्याला उरलेली वेळ येते. एक तर भर दुपार, नाहीतर इतकी रात्र, की न्यायला कोण येणार याची घरच्यांना काळजी. कुणी मुद्दाम अडवलेलं नसतं, तरी मुली बाहेरच राहतात.

आमच्या मुलींना एका मैदानावर दुपारी दोनची वेळ मिळाली होती. शाळा सुटायच्या आत सराव कसा होणार? दोन महिन्यांनी तिथल्या व्यवस्थापनाने कळवलं, मुली येत नाहीत, वेळ फुकट जाते, म्हणून ती काढून घेत आहोत. 'मुलींना आवडच नाही' हे वाक्य असं तयार होतं. मला त्याचा अजून राग येतो.

फुटबॉलच्या इतिहासात हे उघडपणेही घडलेलं आहे. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज या महिला संघाचा सामना पाहायला सुमारे ५३,००० लोक आले होते. वर्षही पुरतं झालं नव्हतं, तोच ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला, की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही आणि संलग्न क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. शब्द नीट पाहा. बायकांनी खेळू नये असा कायदा झाला नव्हता, मैदानं तेवढी काढून घेतली होती. तेवढं पुरलं, जवळजवळ पन्नास वर्षं. पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल संघटनेनेही १९५५ मध्ये क्लबांना असंच बजावलं, ते १९७० पर्यंत टिकलं.

उलट दिशेचं उदाहरण अमेरिकेचं. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याने सांगितलं, की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही. मूळ कलमात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. पण १९७५ च्या नियमावलीत समानता कशावरून तपासायची ते स्पष्ट लिहिलं: सरावाच्या आणि सामन्यांच्या वेळा, कपडे बदलायच्या खोल्या, साहित्य, प्रशिक्षक. म्हणजे वेळापत्रक तिथे थेट नियमातच आलं. १९७१-७२ मध्ये तिथल्या हायस्कूलांच्या संघांत तीन लाखांहूनही कमी मुली खेळत होत्या, पुढे तो आकडा तीस लाखांच्या वर गेला. १९९१ साली चीनमध्ये महिलांचा पहिला फुटबॉल विश्वचषक झाला, तो अमेरिकेने जिंकला. सगळं श्रेय एका कायद्याला देणार नाही, पण मुलींची आवड एका पिढीत दहापट वाढली असंही कुणी म्हणू नये. आवड होतीच, तिला जागा मिळाली.

अलीकडचं मला सगळ्यात पटलेलं धोरण ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचं आहे. १ जुलै २०२४ पासून तिथे स्थानिक परिषदेला राज्याकडून सामुदायिक क्रीडासुविधांसाठी निधी हवा असेल, तर मैदानांचा वापर स्त्री-पुरुषांना न्याय्य रीतीने मिळावा यासाठीचं धोरण तिने आधी स्वीकारलेलं असावं लागतं. अट पैशाला जोडली की सबबी लवकर संपतात.

बांधकामातही बारीकसारीक गोष्टी असतात. सामायिक न्हाणीघर, एकच मोठी खोली, तिला आतून कडी नाही. अशा ठिकाणी तेरा-चौदा वर्षांची मुलगी कपडे कुठे बदलणार? दिवे मैदानावर लख्ख आणि फाटकापर्यंतची वाट अंधारी, हे तर मी कितीदा पाहिलंय. व्हिएन्नात १९९० च्या दशकात असं लक्षात आलं, की नऊ-दहा वर्षांनंतर मुली उद्यानांतून दिसेनाशाच होतात. मोकळी जागा मुलांचे घोळके व्यापून टाकत आणि मुली भांडत बसण्यापेक्षा निघून जात. मग दोन उद्यानांची रचना बदलली, मोठी जागा लहान भागांत वाटली, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा केली. मुली परत आल्या.

आता तुमच्या मनातली शंका: मग मुलांचे तास कमी होणार का? काही ठिकाणी होणार, ते लपवून उपयोग नाही. पण वाटतं तितके नाहीत. पूर्ण मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटरचं असतं. लहान वयोगटाच्या सरावाला ते अख्खं लागत नाही, अर्ध्या-अर्ध्या भागात दोन संघ सहज मावतात. कृत्रिम गवत आणि दिवे असतील तर तासही वाढतात. मात्र हे गवत साधारण दहा वर्षांत बदलावं लागतं. तो पैसा बांधताना बाजूला काढला नसेल, तर तास पुन्हा आक्रसतात, आणि सगळ्यात आधी जातात ते नव्याने आलेल्यांचे.

तुमच्या जवळच्या मैदानाचं खरं काय ते पाहायचं असेल तर संध्याकाळच्या बुकिंगची यादी लेखी मागा. नाही मिळाली, तर वही घेऊन एक आठवडा पाच ते आठ तिथे उभे राहा आणि दर अर्ध्या तासाने मैदानावर किती मुलं, किती मुली, एवढंच लिहा. आम्ही हेच केलं होतं. तो कागद बैठकीत ठेवल्यावर कुणी वाद घातला नाही. आम्हाला मंगळवार आणि गुरुवारी सहाची वेळ मिळाली, अर्धं मैदान. दुपारी दोनला 'न येणाऱ्या' त्याच मुली आता साडेपाचलाच बूट बांधून फाटकाशी उभ्या असतात.